बाहेर बदललेली फाइल आत घेताना

प्रकल्पाचा सगळा कोड गिटमध्ये नीट ठेवलेला असला, तरी त्यातलं काही काम गिटच्या बाहेर होतच राहतं. अनुवादक भाषांतराची फाइल मेलवर मागवून घेतो आणि तीन आठवड्यांनी भरून परत पाठवतो. क्लायंटच्या ऑफिसातून रेपो उघडत नाही, म्हणून तिथला इंजिनिअर झिप घेऊन जातो. रात्री साइट बंद पडते तेव्हा कुणीतरी थेट सर्व्हरवर शिरून दोन ओळी बदलतो आणि साइट सुरू होते. ज्या कंपनीची लायब्ररी आपण वापरतो ती नवी आवृत्ती काढते, आणि मधल्या काळात त्या लायब्ररीत आपणही चार दुरुस्त्या करून ठेवलेल्या असतात. यातला प्रत्येक बदल कुणाच्या तरी कष्टाचा आहे आणि बहुतेक वेळा गरजेचाही. तो रेपोच्या इतिहासात कसा घ्यायचा, हा प्रश्न व्हर्जन कंट्रोलइतकाच जुना आहे.

बहुतेक ठिकाणी त्याचं उत्तर एकच असतं: आलेली फाइल उचलायची, आपल्या फोल्डरवर टाकायची आणि कमिट करायचं. यात काय बिघडतं ते एका उदाहरणावरून पाहू. समजा, एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधली व्याज मोजणारी फाइल १ मार्चला बाहेरच्या माणसाला दिली. १० मार्चला टीममधल्या कुणीतरी त्याच फाइलच्या चाळिसाव्या ओळीतली चूक दुरुस्त केली. लीप वर्षातही भागाकार ३६५ ने होत होता. २० मार्चला बाहेरच्या माणसाने फाइल परत पाठवली. त्याने दोनशेव्या ओळीपाशी ज्येष्ठ नागरिकांच्या ठेवींसाठी जादा दराची सोय केली आहे. काम चोख आहे, पण त्याच्या फाइलमधली चाळिसावी ओळ १ मार्चचीच आहे. ही फाइल वर टाकून कमिट केली की ज्येष्ठ नागरिकांचा दर येतो आणि लीप वर्षाची दुरुस्ती निघून जाते. कॉन्फ्लिक्ट येत नाही, इशारा येत नाही. इतिहासात नोंद अशी होते, की २० मार्चला आपणच ती दुरुस्ती विचारपूर्वक मागे घेतली. वर्षभराने ठेवीदार तक्रार घेऊन आला की शोधणाऱ्याला तो कमिट सापडतो. त्याचा संदेश ‘ज्येष्ठ नागरिक दर’ असा असतो आणि आत भलतंच काही झालेलं असतं.

चूक गिटची नाही. गिटपुढे दोन फाइली ठेवल्या: कालची आणि आजची. चाळिसावी ओळ दोन्हींत वेगळी आहे एवढं त्याला दिसतं. ती आपण बदलली की त्याने, हे या दोन फाइलींत कुठेच लिहिलेलं नाही. ते कळायला तिसरी फाइल लागते, दोघांनी जिथून सुरुवात केली ती, १ मार्चची. ती मधे ठेवली की सगळं उलगडतं. चाळिसावी ओळ फक्त आपण बदलली, म्हणून आपली घ्यायची. दोनशेवी फक्त त्याने बदलली, म्हणून त्याची घ्यायची. एकच ओळ दोघांनी बदलली असेल तिथेच माणसाला विचारायचं. हाच थ्री-वे मर्ज, आणि त्या तिसऱ्या फाइलला बेस म्हणतात. बाहेरून आलेल्या बदलांचा प्रश्न मुळात बेस शोधण्याचा प्रश्न आहे. तो मिळाला की बाकीचं काम यंत्र करतं. तो न शोधता केलेला मर्ज कितीही सफाईदार दिसला तरी माझा त्यावर विश्वास बसत नाही.

ही समज यायलाही वेळ लागला. बेल लॅब्जमध्ये डग्लस मॅकिलरॉय आणि जेम्स हंट यांनी तयार केलेला डिफ १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. तो दोन फाइलींमधला फरक ओळीओळीने दाखवत असे. तीन फाइली एकत्र पाहणारा डिफ-थ्री १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आला. मधल्या काळात व्हर्जन कंट्रोल म्हणजे मार्क रॉचकाइंड यांची १९७२ ची एससीसीएस. तिच्यात फाइलला कुलूप लागत असे: एकाने उचलली की दुसऱ्याने थांबायचं. वॉल्टर टिची यांच्या १९८२ च्या आरसीएसमध्येही रोजची रीत कुलपाचीच होती. ॲमस्टरडॅममध्ये डिक ग्रून आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर सी भाषेचा कंपायलर लिहीत होते आणि तिघांच्या कामाच्या वेळा काही केल्या जुळत नव्हत्या. एकाच्या कुलपासाठी दुसऱ्याने ताटकळत बसणं परवडेना, तेव्हा त्यांनी काही स्क्रिप्ट लिहिल्या आणि १९८६ मध्ये त्या सगळ्यांसाठी खुल्या केल्या. त्यांतूनच सीव्हीएस उभी राहिली. प्रत्येकाने आपल्या प्रतीवर हवं तेव्हा काम करावं आणि नंतर मर्ज करावं, ही आजची सवय तिथून रूढ झाली.

त्याच सुमारास, १९८५ मध्ये, लॅरी वॉल यांनी पॅच हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. बाहेरच्या बदलांच्या दृष्टीने तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. अख्खी फाइल पाठवण्याऐवजी फक्त फरक पाठवायचा आणि त्याच्या वरखालच्या काही ओळी, साधारण तीन-तीन, सोबत द्यायच्या. घेणाऱ्याची फाइल दरम्यान बदललेली असली तरी पॅच त्या ओळींच्या खुणेने जागा हुडकतो. ओळी थोड्या सरकल्या असतील तर वर-खाली पाहतो. खुणेच्या ओळी पूर्ण जुळत नसतील तर कडेच्या एक-दोन सोडून देऊन पुन्हा प्रयत्न करतो. तरीही जमलं नाही तर तो तुकडा वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवतो. म्हणजे पॅच बेसचा एक छोटा तुकडा सोबत घेऊन येतो. वरच्या उदाहरणात त्या माणसाने फाइलऐवजी पॅच पाठवला असता, तर लीप वर्षाच्या दुरुस्तीला धक्काही लागला नसता. लिनक्सचं कर्नल १९९१ पासून २००२ पर्यंत याच पद्धतीवर वाढलं. लोक मेलवर पॅच पाठवत आणि लिनस टोरवाल्ड्स ते आपल्या प्रतीवर लावत. २००२ मध्ये त्या जागी बिटकीपर हे व्हर्जन कंट्रोलचं साधन आलं. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याची फुकट मिळणारी सोय संपली आणि टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं.

गिटच्या घडणीत मेलवरच्या त्या दिवसांच्या खुणा आजही दिसतात. गिटने काढलेल्या पॅचमध्ये प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते. तीत मूळ फाइलच्या मजकुरावरून काढलेला हॅश असतो. पॅच सरळ लागत नसेल तर गिटच्या अप्लाय आज्ञेला थ्री-वेचा पर्याय द्यायचा. ती त्या हॅशवरून आपल्याच साठ्यातून मूळ फाइल शोधते आणि खरोखरचा थ्री-वे मर्ज करते. पॅच दोन वर्षं जुना असला तरी चालतं. मूळ फाइल इतिहासात असली म्हणजे झालं. दुसरी खूण म्हणजे ऑथर आणि कमिटर ही दोन नावं वेगळी ठेवण्याची सोय. बदल कुणी लिहिला आणि आत कुणी घेतला या दोन गोष्टी आहेत, आणि बाहेरून आलेल्या कामाच्या बाबतीत तर त्या दोन माणसांच्याच असतात. अनुवादकाने तीन आठवडे खपून भरलेली फाइल टीममधल्या माणसाच्या नावावर जमा होते, हे सगळीकडे दिसतं. कमिट करताना ऑथर म्हणून अनुवादकाचं नाव आणि काम झालं ती तारीख घालायला अर्धं मिनिट लागतं. ते न घालण्याचं एकही कारण मला मान्य नाही.

पण झिप पाठवणाऱ्याला पॅच कसा काढायचा हे सांगत बसता येत नाही. तो त्याचं काम करतो. त्याने गिट शिकावं ही अपेक्षा अनेकदा अन्यायाची असते. त्याचा बेस आपणच शोधायचा.

सोपी वाट आधी. झिप गिटच्या आर्काइव्ह आज्ञेने किंवा गिटहबच्या डाउनलोड बटणावरून काढलेली असेल, तर तिच्या कॉमेंटमध्ये त्या कमिटचा पूर्ण हॅश लिहिलेला असतो. टार फाइलमध्ये तो हेडरमध्ये असतो आणि तो वाचायला गिटमध्ये वेगळी आज्ञा आहे. ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. म्हणून बाहेर दिलेली मूळ झिप कुणाच्या मेलमध्ये पडून आहे का, ते आधी पाहावं. परत आलेली झिप नव्याने बांधलेली असते, तिच्यात ही नोंद टिकत नाही.

ती मिळाली नाही तर मजकुरावरूनच शोधायचं. गिटमध्ये फाइलची ओळख तिच्या मजकुरावरून ठरते. नाव, तारीख, मशीन यांचा तिच्याशी संबंध नसतो. तोच मजकूर जगात कुठेही असो, हॅश तोच येतो. समजा, आलेल्या फोल्डरमध्ये तीनशे फाइली आहेत आणि त्यांतल्या बारा त्या माणसाने बदलल्या आहेत. उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी जशा दिल्या तशाच परत आल्या आहेत आणि बेसची साक्ष त्याच देतात. प्रत्येकीचा हॅश काढायचा आणि रेपोच्या इतिहासाला विचारायचं, की हा मजकूर कोणत्या कमिटमध्ये आला आणि कोणत्या कमिटमध्ये गेला. एक फाइल सांगते: मी जानेवारीपासून आजपर्यंत अशीच आहे. दुसरी सांगते: मी २५ फेब्रुवारीला अशी झाले. तिसरी सांगते: ३ मार्चला मला कुणीतरी बदललं, त्याआधीची मी ही अशी होते. हे कालखंड एकमेकांवर ठेवले की सगळ्यांना सामाईक असा अरुंद पट्टा उरतो, २५ फेब्रुवारी ते ३ मार्च. त्यात बसणारे चार-दोन कमिट असतात आणि त्यांतला कोणताही घेतला तरी बहुधा चालतं.

एवढी बारकाई करायची नसेल तर ढोबळ रीतही चांगली काम देते. संशयित काळातल्या एकेका कमिटशी आलेल्या फोल्डरची तुलना करायची आणि किती ओळींचा फरक पडतो ते मोजायचं. फरक सर्वांत कमी जिथे, तो बेस. छोट्या स्क्रिप्टचं काम आहे. काही वेळा निकाल स्पष्ट लागत नाही, दोन लांबच्या कमिटशी सारखाच फरक येतो. तेव्हा ओळखावं की त्या माणसाने मधेच आपल्याकडून दोन-चार नव्या फाइली मागवून घेतल्या आहेत आणि त्याचं फोल्डर दोन काळांचं मिश्रण आहे. मग प्रत्येक बदललेल्या फाइलचा बेस वेगळा शोधून मर्ज एकेका फाइलपुरता करावा लागतो. गिटची मर्ज-फाइल ही आज्ञा त्यासाठीच आहे. ती तीन फाइली घेते, रेपोचा काही संबंध ठेवत नाही.

बाहेरच्या माणसाने झिप उघडून तिथेच गिट सुरू केलं असेल तर प्रकार वेगळा होतो. त्याच्याकडे इतिहास आहे, पण त्याचा पहिला कमिट आकाशातून पडल्यासारखा. आपल्या इतिहासाशी त्याचं नातं नाही. २०१६ च्या २.९ या आवृत्तीपासून गिट असे दोन इतिहास मर्ज करायला मुळातच नकार देतं. नकार बाजूला सारणारा पर्याय आहे आणि लोक तो सर्रास वापरतात. मग दोन्हीकडे वेगळी असलेली प्रत्येक फाइल कॉन्फ्लिक्ट म्हणून उभी राहते, कारण बेस रिकामा धरला जातो. खरं तर हा सर्वांत सोपा प्रकार आहे. त्याच्या पहिल्या कमिटच्या ट्रीचा हॅश पाहायचा आणि आपल्या इतिहासात त्याच हॅशची ट्री कोणत्या कमिटची आहे ते शोधायचं. मजकूर तंतोतंत तोच असेल तर ती बहुधा सापडते. मग त्याचे पुढचे सगळे कमिट उचलून आपल्या त्या कमिटवर रिबेस करायचे. त्याचं नाव, त्याच्या तारखा, त्याचे संदेश जसेच्या तसे राहतात.

बेस हाती आला की रीत ठरलेली. त्या कमिटवरून नवी ब्रँच काढायची, त्या जागी आलेल्या फाइली ठेवायच्या, मूळ लेखकाच्या नावाने कमिट करायचं आणि मग ती ब्रँच मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करायची. बदल इतिहासात जिथे जन्मला तिथे ठेवायचा; पोचला तिथे ठेवला की सगळा घोळ होतो. यात दोन ठिकाणी जपावं. फोल्डरवर फोल्डर टाकल्याने नव्या फाइली येतात, पण त्याने काढून टाकलेल्या फाइली आपल्याकडे तशाच राहतात. त्या काढायच्या म्हणून फोल्डर जुळवणाऱ्या आरसिंकला डिलीटचा पर्याय दिला तर गिटची स्वतःची डिरेक्टरी आणि दुर्लक्षित यादीतल्या पासवर्डच्या, सेटिंगच्या फाइलीही जातात. त्या आधी वगळाव्या लागतात. दुसरं, झिपमध्ये नसलेली फाइल त्याने काढली की त्याला मिळालीच नव्हती, हे कोणताही प्रोग्रॅम सांगू शकत नाही. तिथे फोन करून विचारावं.

बेस काही केल्या सापडत नाही अशीही वेळ येते. रेपो उशिरा सुरू झालेला असतो आणि बाहेरची प्रत त्याहून जुनी असते. अशा वेळी आणखी एखादी स्वतंत्र प्रत शोधण्यात वेळ घालवावा: जुना बॅकअप, टेस्ट सर्व्हर, सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा लॅपटॉप. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं, ते याच पेचातून गेलं. मूळ प्रत कुणापाशीच नव्हती. प्रत्येक हस्तलिखितात भर पडलेली, गळती झालेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी जी कसोटी वापरली तिचा गाभा असा, की एकमेकांशी संबंध नसलेल्या उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या शाखांमध्ये जो पाठ सारखा मिळतो तो जुना धरावा. दोन फाइलींच्या भांडणात तिसरी स्वतंत्र प्रत ज्या बाजूने बोलते तो मजकूर बहुधा मूळचा, आणि वेगळी पडलेली फाइल बदललेली. या अंदाजावर कच्चा बेस उभा करता येतो. तो कच्चा आहे हे लक्षात ठेवून पुढचा मर्ज डोळ्यांनी तपासावा.

आता खोट्या बदलांकडे. बेस अचूक मिळाला तरी आलेली फाइल कधीकधी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बदललेली दिसते आणि थ्री-वे मर्ज निरुपयोगी ठरतो. सर्वांत नेहमीचं कारण ओळ संपवण्याच्या खुणा. विंडोजवरचे एडिटर ओळीच्या शेवटी दोन अक्षरं घालतात, लिनक्सवर एकच असतं. त्याखालोखाल टॅबच्या जागी स्पेस, युटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला नोटपॅडने घातलेली तीन बाइटची न दिसणारी खूण आणि सेव्ह करताना अख्खी फाइल आपल्या पद्धतीने मांडणारे फॉर्मॅटर. इलाज एकच: जो साचा ठरवायचा तो बेस, आपली फाइल आणि त्याची फाइल या तिन्हींना आधी लावायचा आणि मग मर्ज करायचा. फक्त आलेल्या फाइलवर फॉर्मॅटर फिरवून भागत नाही. मग बेसशी तिचा फरक आणखी वाढतो. ओळींच्या शेवटांपुरतं हे काम गिट मर्ज करतानाच करून देतं, त्याचा पर्याय आहे. बाकीच्यांसाठी स्क्रिप्ट लिहावी.

मराठी मजकुराच्या फाइलींत याहून चकवणारा प्रकार भेटतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ एका कीबोर्डवर युनिकोडच्या ०९३१ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून उमटतो. दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर अशा तिघांनी तो बनतो. कधी साध्या र ला नुक्ता जोडूनही येतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, फाइलमध्ये तिन्ही वेगळे. युनिकोडच्या प्रमाणित नियमांनी नुक्त्याचा प्रकार ०९३१ मध्ये बदलून मिळतो, पण जॉइनरचा प्रकार त्या नियमांत बसत नाही, तो आपणच बदलून घ्यावा लागतो. ‘ॲ’ची गोष्ट तशीच. त्याला स्वतःची जागा युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये मिळाली. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहीत आणि अनेक जुन्या फाइलींत ते अजून तसंच आहे. प्रमाणीकरणाने हे दोन प्रकार एक होत नाहीत. अनुवादकाने एक शब्द बदलून फाइल परत पाठवावी आणि त्याच्या एडिटरने किंवा कीबोर्डच्या साधनाने वाटेत शेकडो अक्षरांची जात बदलून टाकावी, असं होतं. डिफमध्ये लाल-हिरव्या ओळींच्या जोड्या दिसतात, दोन्ही ओळी डोळ्यांना तंतोतंत सारख्या. तपासणारा वैतागतो आणि सगळं एकदम स्वीकारतो, आणि त्या गर्दीत अनुवादकाने खरोखर सुधारलेलं वाक्य कुणी वाचतही नाही. मराठीत स्थानिकीकरण करणाऱ्या प्रत्येक गटाने अक्षरांचा एक साचा ठरवून तो मर्जच्या आधी तिन्ही फाइलींवर लावावा, असं मी आग्रहाने म्हणेन.

भाषांतराच्या पीओ फाइलींत ओळ हे एकक धरणंच मुळात चुकतं. एकच वाक्य एक साधन एका ओळीत लिहितं, दुसरं तेच तीन ओळींत मोडतं; शिवाय वाक्य कोडच्या कोणत्या ओळीवर आहे त्याचे आकडे दर आवृत्तीला हलतात. इथे मूळ इंग्रजी वाक्य हीच किल्ली. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचातलं एमएसजीमर्ज त्या किल्लीवरून जुनी भाषांतरं नव्या साच्यात बसवतं आणि मूळ वाक्य थोडं बदललेलं असेल तर भाषांतर ठेवून त्यावर ‘फझी’ अशी खूण करतं, म्हणजे माणूस पुन्हा पाहील. ओळींऐवजी अर्थाच्या एककावर मर्ज करण्याचं हे साधं आणि टिकाऊ उदाहरण आहे.

पुरवठादाराकडून वर्षानुवर्षं येणाऱ्या कोडसाठी वेगळी शिस्त लागते. ब्रायन बर्लिनर यांनी १९८९ मध्ये सीव्हीएस सी भाषेत नव्याने लिहिली. बाहेरून घेतलेल्या सोर्सची नवी आवृत्ती आली की आपल्या बदलांसकट पुढे कसं जायचं, हा त्यांच्या मांडणीतला एक मुख्य प्रश्न होता. उत्तर व्हेंडर ब्रँच. पुरवठादाराने दिलेलं जसंच्या तसं एका वेगळ्या ब्रँचवर ठेवायचं, तिथे आपला हात अजिबात लावायचा नाही. पुढची आवृत्ती आली की तीही तिथेच, मागचीच्या वर. मग ती ब्रँच मुख्य कोडमध्ये मर्ज करायची. बेस आपोआप मिळतो, कारण पुरवठादाराची मागची प्रत कुणीही न विटाळता जपून ठेवलेली असते. साधनं बदलली, सबव्हर्जन आलं, गिट आलं, ही रीत बदललेली नाही. डेबियनमध्ये मूळ सोर्स तसाच ठेवून आपले बदल क्रमवार पॅचच्या यादीत ठेवतात, विचार तोच.

सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलींत हा प्रश्न सर्वाधिक माणसांना भेटतो, फक्त त्यांना तो मर्जचा प्रश्न वाटत नाही. डेबियन किंवा उबुंटूवर पॅकेज नवं करताना मधेच विचारणा होते: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेजनेही नवी आणली आहे, कोणती ठेवू? नुसतं एंटर दाबलं तर आपली राहते आणि नव्या आवृत्तीतल्या आवश्यक ओळी येत नाहीत. नवी घेतली तर आपल्या ओळी जागेवरून हटतात. इथे मर्जचा पर्याय नाही याचं कारण सरळ आहे. पॅकेज बसवणारं डीपीकेजी जुन्या फाइलचा फक्त चेकसम जपतं, मजकूर जपत नाही. बदल झाला हे त्याला कळतं, काय बदललं हे कळत नाही. मनोज श्रीवास्तव यांनी डेबियनसाठी लिहिलेलं यूसीएफ पॅकेजची जुनी फाइल साठवू शकतं, म्हणून ते थ्री-वे मर्ज देऊ शकतं. फ्रीबीएसडीचं ईटीसीअपडेटही जुन्या मूळ फाइलींची प्रत ठेवून तेच करतं. ज्यांच्याकडे यांतलं काही नाही त्यांनी जोई हेस यांचं ईटीसीकीपर तरी बसवावं. ते अख्खी सेटिंगची डिरेक्टरी गिटमध्ये ठेवतं आणि पॅकेज बसवण्याच्या आधी आणि नंतर आपोआप कमिट करतं.

लाइव्ह सर्व्हरवर घाईत केलेल्या बदलांनाही हाच न्याय. नवा कोड चढवण्याआधी सर्व्हरवरचं फोल्डर जसं आहे तसं उतरवून घ्यावं, मागच्या वेळी चढवलेल्या कमिटवरून ब्रँच काढून तिथे ठेवावं आणि मर्ज करावं. मागच्या वेळी नेमका कोणता कमिट चढवला ते सर्व्हरवरच एका फाइलमध्ये लिहून ठेवण्याची सवय असेल तर हे दहा मिनिटांत होतं. रात्री दोनला साइट उभी करणाऱ्याची दुरुस्ती पुढच्या डिप्लॉयमध्ये पुसली जाऊन तोच बिघाड पुन्हा यावा, याच्याइतकं खच्ची करणारं दुसरं काही नसतं.

ड्रॉपबॉक्स, सिंकथिंगसारखी साधनं मर्ज करतच नाहीत. दोघांनी एकाच वेळी फाइल बदलली तर ती दुसऱ्या नावाने एक कॉन्फ्लिक्टची प्रत बाजूला ठेवतात आणि पुढचं माणसावर सोपवतात. ते प्रामाणिक आहे. निदान काही पुसलं जात नाही. वर्ड आणि एक्सेलच्या फाइली म्हणजे आत एक्सएमएल भरलेल्या झिपच असल्याने गिटचा ओळींचा मर्ज तिथे चालत नाही. वर्डची स्वतःची कम्बाइनची सोय दोन प्रती एकत्र करते, पण ती माणसाने बसून पाहायची असते. ज्युपिटर नोटबुकसाठी एनबीडाइम आहे आणि ते नोटबुकची रचना समजून मर्ज करतं.

कॉन्फ्लिक्टशिवाय पार पडलेल्या मर्जवर किती भिस्त ठेवावी? संजीव खन्ना, केशव कुणाल आणि बेंजामिन पिअर्स यांनी २००७ मध्ये दिल्लीच्या एका परिषदेत डिफ-थ्रीचा गणिती अभ्यास मांडला. एकमेकांपासून पुरेशा दूर केलेले बदल नेहमीच बिनबोभाट मर्ज होतील, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतक सर्वसाधारणपणे खरं नाही, असं त्यांनी दाखवलं. सारख्या ओळी पुन्हा पुन्हा येणाऱ्या फाइलींत तुलना भलत्याच ओळीशी जुळू शकते. गणित सोडलं तरी रोजचा धोका आहेच: आपण एका फंक्शनचं नाव बदललं, बाहेरच्याने वेगळ्याच फाइलमध्ये जुन्या नावाने ते बोलावलं. दोन फाइली, कॉन्फ्लिक्ट शून्य आणि प्रोग्रॅम बंद. बाहेरचा माणूस आपल्या दोन आठवड्यांच्या गप्पांत नव्हता, म्हणून त्याच्या बदलांत हे जास्त होतं. मर्जनंतर टेस्ट चालवाव्यात हे खरं, पण त्याहून उपयोगी म्हणजे मर्ज झालेला फरक त्यालाच परत पाठवून विचारणं, की तुला हेच करायचं होतं ना.

कॉन्फ्लिक्ट सोडवताना बेस डोळ्यांसमोर असावा म्हणून गिटचं एक सेटिंग आवर्जून बदलावं. मुळात गिट कॉन्फ्लिक्टमध्ये आपली आणि त्याची अशा दोनच बाजू दाखवतं. डिफ-थ्री शैली निवडली की मधे बेसच्या ओळीही दिसतात, आणि जानेवारी २०२२ च्या २.३५ आवृत्तीपासून तिचंच आटोपशीर रूप झेडडिफ-थ्री या नावाने मिळतं. कुणी काय बदललं हे ओळखायला मग अंदाज बांधावा लागत नाही.

बराचसा त्रास फाइल देतानाच वाचवता येतो. फाइल बाहेर देताना आर्काइव्ह आज्ञेनेच झिप काढावी आणि आत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये कमिटचा हॅश आणि तारीख लिहून द्यावी. परत येताना तीही परत येते. दिलेल्या कमिटवर टॅग लावावा, कुणाला दिलं त्याच्या नावासह. घेणाऱ्याला गिट येत असेल आणि फक्त नेटवर्कची अडचण असेल, तर बंडल द्यावं. बंडल ही एकच फाइल असते, पेनड्राइव्हवर मावते आणि तिच्यात पूर्ण इतिहास असतो. पलीकडचा माणूस तिच्यावरून क्लोन करतो, आपले कमिट करतो आणि फक्त नव्या कमिटचं छोटं बंडल परत पाठवतो. ते उघडण्याआधी गिटला तपासायला सांगितलं, तर हे कमिट ज्यांच्यावर उभे आहेत ते आपल्या रेपोत आहेत की नाहीत, तेही ते सांगतं.